रत्नागिरीचा माणूस आणि बर्गनचा पाऊस

मी पर्यटक नाही, प्रवासी आहे. हा फरक जहाजावर भेटेल त्याला मी समजावून सांगत असे. पर्यटक छातीवर बसच्या नंबराचा स्टिकर चिकटवून गाइडच्या छत्रीमागे जातो. प्रवासी शहर पायी वाचतो. शिवाय पायी वाचायला पैसे पडत नाहीत, पण तात्त्विक भूमिका मांडताना असल्या किरकोळ बाबी बोलायच्या नसतात.

बर्गनला ही भूमिका निभावणं सोपं. स्कोल्टनच्या धक्क्यावर उतरलं, डाव्या हाताचा बर्गनहूस किल्ला मागे टाकला की दहा-बारा मिनिटांत ब्रिगेन.

“अहो, छत्री घ्या,” ही म्हणाली.

मी हसलो. रत्नागिरीत जन्मलेल्या माणसाला नॉर्वेने पाऊस दाखवायचा? बर्गनला वर्षभरात साधारण सव्वादोन हजार मिलिमीटर पडतो. जवळपास तेवढा मुंबई चार महिन्यांत उरकते, आणि आंबोली त्याच्या तिप्पट घेऊन बसलेली असते. आकडे मी पाठ करून गेलो होतो आणि ते हिला धक्क्यावरच ऐकवले. पण आपला पाऊस येतो, झोडपतो आणि निदान चहापुरती तरी उसंत देतो. बर्गनचा पाऊस सरकारी कारकुनासारखा, घाई नाही, आवाज नाही, फक्त जागेवरून उठत नाही. २००६ च्या ऑक्टोबरअखेरीस बसला तो सलग ८५ दिवस बसून होता. ब्रिगेन येईपर्यंत माझे मोजेसुद्धा भिजले होते आणि पाऊस पडतोय असं अजून खात्रीने म्हणता येत नव्हतं. समोरून बालवाडीची पोरं रबरी विजारी घालून, डबकं हुकू न देता, चालली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोकणाच्या वतीने मान ताठ ठेवली.

ब्रिगेनची ती लाल-पिवळी त्रिकोणी घरं प्रत्येक कॅलेंडरवर असतात, त्यांचं वर्णन नको. १७०२ च्या आगीत सगळं जळलं, लोकांनी ते पुन्हा जुन्याच आखणीवर, पुन्हा लाकडातच उभारलं. १९५५ मध्ये त्यातलं बरंच परत जळलं, तरी हौस फिटली नाही. उरलेलं १९७९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. चौदाव्या शतकापासून इथे हान्सा संघाचे जर्मन व्यापारी राहत. त्यांना लग्नाची बंदी आणि आगीच्या भीतीने घरात विस्तवाचीही बंदी. ऊब घ्यायला आणि रांधायला मागच्या बाजूला वेगळ्या इमारती होत्या.

“बायको नाही, चूल नाही,” ही म्हणाली, “म्हणजे दिवसभर हिशेबच करत असणार.”

तेच करत होते, आणि हिशेब होता सुक्या माशाचा. आता इथे मला कोणी अडवू नये. जग मसाल्यासाठी समुद्रावर निघालं असं आपल्याला शाळेत शिकवतात, पण बर्गन उभं राहिलं ते सुक्या मासळीवर. उत्तरेला लोफोटेनमध्ये हिवाळ्याअखेर कॉड मासा पकडायचा, साफ करायचा, दोन-दोनच्या जोड्या शेपटीशी बांधून लाकडी मांडवावर टांगायचा. मीठ नाही, धूर नाही, फक्त गार वारा. मेपर्यंत त्याचं लाकूड होतं आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. नॉर्वेत धान्य कमी पिके. जर्मन लोक धान्य आणत आणि मासा घेऊन जात. आजही तो मुख्यतः इटलीला जातो आणि त्याची डोकी नायजेरियाच्या रश्श्यात पडतात. ब्रिगेनच्या संग्रहालयात हे वाचताना मला वर्सोवा-मढचे बोंबील दिसत होते. तेही जोडीनेच वाळतात, फक्त तिकडे शेपटीला शेपूट आणि आपल्याकडे जबड्यात जबडा. तेही बिनमिठाचे. मग कॉडला संग्रहालय, जागतिक वारसा, काचेचं कपाट. आणि बोंबलाचा वास जिन्यात आला की सोसायटीची तातडीची सभा! लोकलच्या डब्यात सुकटीची पाटी घेऊन चढणाऱ्या मावशींकडे नाकाला रुमाल लावून बघणारी माणसं इथे तिकीट काढून सुक्या माशाचा वास हुंगत होती. मीही खोल श्वास घेतला. आमच्या सुकटीपुढे अगदीच शाकाहारी.

मासळीबाजारात हिने एका खेकड्याचा भाव विचारला, क्रोनरला मनातल्या मनात रुपयांत गुणलं आणि खेकड्याला नमस्कार केला. फ्लोयेनच्या डोंगरावर जाणाऱ्या १९१८ सालच्या रेल्वेला ही लांब रांग, आणि वर नुसतं धुकं. तेव्हा आम्ही डोक्यावर छप्पर शोधत कोंग ऑस्कार्स गाटेने चालत राहिलो आणि सेंट जॉर्जच्या जुन्या कुष्ठरुग्णालयाशी पोचलो. आता तिथे संग्रहालय आहे. मी ठरवून आणल्यासारखा पुढे झालो.

आत आम्ही दोघं आणि तिकीट देणारी मुलगी, एवढेच. मधे लाकडी दिवाणखाना, कडेने कोंदट खोल्या. एकेका खोलीत दोन-तीन माणसांनी उभं आयुष्य काढलेलं. इथले शेवटचे रुग्ण १९४६ मध्ये वारले. याच शहरात १८७३ मध्ये आर्माउअर हॅन्सनने कुष्ठरोगाचे जंतू पाहिले आणि हा रोग आनुवंशिक असल्याची, म्हणजे घराण्याला लागलेला डाग असल्याची, समजूत मोडीत काढली. त्यात त्याचा सासराही मोडीत निघाला, कारण त्या समजुतीचा मोठा पुरस्कर्ता तोच होता. पण याच हॅन्सनने एका रुग्ण बाईला न विचारता तिच्या डोळ्यात तो रोग टोचून पाहिला आणि १८८० मध्ये कोर्टाने त्याला रुग्णालयाच्या जागेवरून काढलं. जंतूला नाव त्याचं आहे. डोळा त्या बाईचा होता.

आमच्या घरी दर दिवाळीला आनंदवनची भेटकार्डं यायची. १९४९ मध्ये बाबा आमट्यांनी वरोऱ्याला महारोगी सेवा समिती स्थापन केली, तिला आपला हातभार म्हणून वडील ती आवर्जून मागवायचे. सुंदर असायची. आणि पाकीट उघडून झालं की आजी आम्हा पोरांना मोरीवर नेऊन साबणाने हात धुवायला लावायची. वडील बघत, पण काही बोलत नसत. तोवर हॅन्सनच्या जंतूला शंभर वर्षं होत आली होती, औषधंही निघाली होती. मला आजीचा राग येत नाही. वडिलांच्या गप्प बसण्याचा मात्र त्या खोलीत उभा असताना चांगलाच आला.

ही एका पलंगाशी बराच वेळ थांबली होती. मग म्हणाली, “चला, जहाज सुटेल.”

रात्री जेवणाच्या टेबलावर नागपूरचे एक निवृत्त इंजिनिअर होते, छातीवर अजून सात नंबरचा स्टिकर. “डोंगरावर जाऊन आलो,” ते म्हणाले. “काही दिसलं नाही, पण चढणीचं गणित मस्त आहे. तुम्ही काय केलं?”

माझ्यातला प्रवासी जागा झाला. मी कुष्ठरुग्णालयापासून सुरुवात केली. त्यांनी ऐकता ऐकता आपली प्लेट चार बोटं पलीकडे सरकवली. मी ते पाहिलं आणि आवाज चढवून जंतूंवर आलो.

हिने माझ्या पायावर पाय दिला आणि गोड हसून विषय बदलला. “आणि भाऊसाहेब, तो सुका मासा! आमच्या सुकटीला येतो ना, तसा वास...”

ते शाकाहारी निघाले. दही घेऊन येतो म्हणाले आणि दह्यासकट दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले.