आखाजीचा रस आणि मांडीचे स्नायू

जेवणानंतर रक्तात चढलेल्या साखरेचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. नंदुरबार जिल्ह्यात मात्र हे गिऱ्हाईक नेमके जेवणानंतर आडवे होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरची पुरणपोळी आणि तिच्यावर आमरस (किती, हे घरातल्या बाईने विचारायचे नसते) पोटात गेला की तासा-दीड तासात साखर शिखर गाठते. तोरणमाळचा घाट चढणारी एसटीसुद्धा इतक्या उत्साहाने चढत नाही.

ही साखर स्नायूत नेण्याचे काम ग्लुट-४ नावाचे प्रथिन करते. एरवी इन्शुलिनने सांगितल्यावर ते पेशीच्या पृष्ठभागावर येते. टाइप २ मधुमेहात ते सांगणे पेशीला नीट ऐकू जात नाही. पण ओझ्याविरुद्ध स्नायू आकसला, की हेच प्रथिन इन्शुलिनच्या हुकमाची वाट न पाहता कामाला लागते. सरकारी कचेऱ्यांत अशी सोय अजून झालेली नाही. शिवाय स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा खर्ची पडल्याने पुढचे २४ ते ४८ तास साखर आत घेण्याची त्यांची तयारी वाढलेली राहते.

नंदुरबारच्या मिरचीच्या बाजारात पोती उचलणारा हमाल ओझ्याविरुद्धचा हा व्यायाम मजुरी घेऊन करतो. त्याच पोत्यांचा हिशेब लिहिणारे शेठ दिवसभर गादीवर बसतात आणि संध्याकाळी फी भरून जिममध्ये लोखंड उचलतात.

बैठ्या माणसांसाठी स्वस्त उपायही आहे. मेलबर्नच्या बेकर संस्थेतील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात टाइप २ मधुमेह असलेल्यांनी दर अर्ध्या तासाने ३ मिनिटे अर्ध्या बैठका काढल्या, टाचा आणि गुडघे उचलले. सलग बसून राहण्यापेक्षा जेवणानंतरची साखर बरीच कमी राहिली. यंत्र लागत नाही, थोडी लाज सोडावी लागते. गल्ल्यामागे टाचा उंचावणारे शेठ दिसले, की उधारीवाले मागच्या गल्लीने जाऊ लागतात.

फार जड वजन जोर लावून उचलल्यास अॅड्रेनालिनमुळे साखर थोडा वेळ वाढतेही. तेवढ्यावरून व्यायामाला नावे ठेवू नयेत. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर उलट फार उतरू शकते. त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि खिशात साखर ठेवावी. चक्कर, घाम, थरथर जाणवली तर ती साखर खाणे हेच औषध, आणि हे औषध खानदेशात कोणाला दोनदा सांगावे लागत नाही.