मालवलेला दिवा

आमच्या घरात दिवा विझवत नाहीत, मालवतात. 'विझव' म्हणालं की आई असं बघते की बोलणाराच मालवतो. हा नियम समईपासून विजेच्या बल्बपर्यंत सगळ्यांना सारखा. "अरे, माजघरातला दिवा मालव रे," अशी हाक आली की बटणापासून सर्वांत लांब बसलेल्यानं उठायचं. बटणाशेजारी बसलेल्याला ती हाक आजवर कधी ऐकू आलेली नाही.

भोरमधल्या आमच्या जुन्या घरात सहा खोल्या आणि साठचे सहा बल्ब. सातव्याचा विषय वडिलांपुढे काढायची कुणाची छाती नव्हती. साठचा बल्ब घेतलेल्या विजेतली नव्वद टक्क्यांहून जास्त वीज तापण्यात घालवायचा आणि उरलीसुरली उजेडाला द्यायचा. आमचे एक चुलते थेट असेच होते. पण भोरच्या पावसात या तापटपणाचाही उपयोग व्हायचा. चार दिवस न वाळलेले मोजे आई बल्बजवळ धरायची आणि ते वाळेपर्यंत अभ्यास बंद, हा आमचा फायदा. बल्बमागच्या भिंतीवर एक पाल होती. उजेडाला किडे येत आणि तिला जागेवर पान वाढलेलं मिळे.

२०१५ साली सरकारची उजाला योजना आली. लाईट बिल आणि ओळखपत्र दाखवायचं आणि नऊ वॅटचा एलईडी घ्यायचा. सरकारी खरेदीत २०१४ साली ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर उतरला. एवढी घसरण आम्ही फक्त टोमॅटोची पाहिली होती. स्वस्त झालं म्हटल्यावर घरात उत्साह संचारला. जिन्यात एक, कोनाड्यात एक, तुळशीपाशी एक. दिवाळीपर्यंत बावीस झाले. आता आमच्या घरात अंधार हवा असेल तर डोळे मिटावे लागतात.

पहिली खरेदी माझी, म्हणजे अर्थातच चुकलेली. खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलं होतं. आकडा मोठा तर माल चांगला, या हिशेबानं मी तेच उचललं. वर 'कूल' असंही लिहिलेलं. केल्विनची गंमत अशी, की आकडा जितका तापलेला तितका उजेड थंड दिसतो. उबदार पिवळा हवा असेल तर २७०० मागायचा. त्या पांढऱ्या झोतात घराचा पंचनामाच झाला. भिंतीचे पोपडे, कडीपाटातली जळमटं, माझ्या डोक्यावरचं वाढतं पटांगण, सगळं उघड्यावर. पुरणपोळी अशी दिसायला लागली, जणू तिला सलाईन लावायला हवं. "हा दिवा आहे का फौजदार?" आईनं विचारलं.

मुळात हा पांढरा उजेड बहुतेक वेळा निळाच असतो. निळ्या एलईडीवर पिवळसर लेप दिला की तो पांढरा होतो. लाल एलईडी १९६२ पासून होती, पण झगझगीत निळी जमायला पुढची तीस वर्षं गेली. ती जमवल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "तिघांना बोलाव आणि ही पोळी दाखव."

पण खरा गोंधळ देवघरात झाला. तिथला बल्ब बटण बंद केल्यावरही मालवेना. रात्री दोन वाजता बघावं तर काजळी धरल्यासारखा मिणमिणतोय. आत्यानं पूर्वजांची यादी काढली. कुणाची इच्छा राहिली असेल यावर दोन दिवस खल झाला आणि संशय त्या तापट चुलत्यांवर येऊन थांबला. शेवटी वायरमनला बोलावलं. त्यानं बटणातला लाल इंडिकेटर दाखवला.

"काका, ह्याच्यातनं नखाएवढा करंट झिरपतोय. साठच्याला त्याची खबर पण लागायची नाही. ह्याचं तेवढ्यात पोट भरतं."

"मग काढ तो इंडिकेटर."

"राहू दे," आई म्हणाली. "देवापुढचाच आहे ना? नंदादीप म्हणा."

एवढं होऊन बिल मात्र फारसं उतरलं नाही. आई बावीस दिव्यांवर पहारा ठेवते आणि त्याच वेळी नातू गीझर लावून गाणी म्हणत असतो. मी कागद घेऊन बसलो. नऊ वॅटचे बावीस बल्ब दहा तास जाळले तर दोन युनिटं. दोन हजार वॅटचा गीझर तेवढी वीज एका तासात पितो. हिशेब आईपुढे ठेवला. तिनं शांतपणे वाचला आणि म्हणाली, "बरं. आधी तो जिन्यातला मालव."

हिशेबाचा नाद लागला की भाटघर आठवतं. १९२८ साली पुरं झालेलं हे धरण आमच्या उशाशी. त्याच्या पायथ्याचं वीजघर १६ मेगावॅटचं. पूर्ण ताकदीनं चाललं तर त्यावर साठचे अडीच लाखांहून जास्त बल्ब लागतात. २०११ च्या जनगणनेत भोर आणि वेल्हे मिळून माणसं अडीच लाखांच्या आतच, म्हणजे माणशी एक बल्ब. नऊचे लावले तर माणशी सात! पाणी खाली उसाला जातं, वीज तारेवर चढून कुठे जाते ते तिलाच माहीत, आणि जोराचा वारा सुटला की आम्ही मेणबत्ती शोधतो.

वेल्हे आईचं माहेर. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण ती म्हणते, "माहेराचं नाव कुणी बदलतं का?" मामानं अंगणात पन्नास वॅटचा एलईडी फोकस लावला होता, तोरण्यावरून दिसावा असा. त्या वर्षापासून अंगणातल्या झाडावरचे काजवे दिसेनासे झाले. काजव्याचं सगळं लग्न लुकलुकण्यावर जमतं. फोकसच्या झोतात नवरीला नवरा दिसणार कसा? पण मृगाच्या तोंडावर पुण्याची माणसं काजवे बघायला यायला लागली. अंधाराचे पैसे मिळतात म्हटल्यावर मामानं फोकस उतरवला.

गेल्या जूनमध्ये चेलाडी फाट्यावरून वळून आम्हीही गेलो. अंगणात मिट्ट काळोख. झाडावर ठिणग्या उठत होत्या, एकदम मालवत होत्या, पुन्हा उठत होत्या. पुण्याची मंडळी श्वास धरून उभी. तेवढ्यात एक बाई गोठ्याकडे बोट दाखवून कुजबुजली, "तो बघा, केवढा मोठा! आणि लुकलुकत पण नाहीये!"

आई अंधारातच मामावर डाफरली. "बाळू, गोठ्यातला दिवा मालव की रे."

"अगं, मालवलेलाच आहे तो," मामा म्हणाला.