कॅलिपरकाका

घरात आलेली एकही वस्तू काकांनी नुसती वापरलेली नाही. आधी उघडली आहे. मिक्सर, इस्त्री, गीझर, जावयाने दिलेलं घड्याळ. वस्तू उघडायची, आत फुंकर मारायची, "कंपनीने इथे काटकसर केलीय" असा शेरा द्यायचा आणि बंद करायची. मगच ती त्यांच्या लेखी घरची होते. बँकेतून निवृत्त होईपर्यंत घरातलं सगळं उघडून झालं होतं. उरली होती गाडी.

गॅरेजवर काकांचा विश्वास नाही. "घरच्या घरी अर्ध्या तासाचं काम" हे त्यांचं ब्रीद. हा अर्धा तास काकूंच्या हिशेबाने दोन रविवारांचा असतो. एकदा पुढचं चाक काढलेलं असताना काकांना डिस्कला धरून बसलेला कॅलिपर दिसला, गंजून तपकिरी झालेला. काकांनी तिथेच ठरवलं, याला लाल रंग द्यायचा.

लालच का, असं विचारणाऱ्याला खुर्ची मिळते. "इटलीत बर्गामोजवळ ब्रेम्बो म्हणून कंपनी आहे, १९६१ सालची. १९७५ मध्ये फेरारीने त्यांना ब्रेक करायला सांगितले. आता आपल्या पुण्यातसुद्धा कारखाना आहे त्यांचा." ऐकणारा उठतो तेव्हा त्याची अशी समजूत झालेली असते, की फेरारी आणि काकांची हॅचबॅक यांच्यात आता फक्त रंगाच्या एका डब्याचं अंतर आहे.

काकूंनी सुचवलं, "अहो, पिवळा द्या ना. राखाडी गाडीवर खुलेल."

काका गंभीर झाले. "पोर्शेच्या गाडीला पिवळा कॅलिपर असला की आत सिरॅमिकची डिस्क असते. आपल्या लोखंडी डिस्कवर पिवळा म्हणजे लोकांची फसवणूक."

लालने फसवणूक कशी होत नाही, हे काकूंनी विचारलं नाही. संसार असेच टिकतात.

काका हौशी आहेत, पण हलगर्जी नाहीत, हे मात्र मान्य करायला हवं. मागच्या चाकांना विटा, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये. नट सैल केले ते चाक जमिनीवर असतानाच. नुसत्या जॅकवर भरवसा नाही, म्हणून खाली लोखंडी स्टँड. भोवती वॉचमन, क्रिकेट सोडून आलेली मुलं आणि सल्ला द्यायला आलेले दुसऱ्या मजल्यावरचे साठे. बोल्ट निघाले, कॅलिपर सुटला. साठे म्हणाले, "राहू द्या की तसाच लोंबकळत."

"होजवर? होज म्हणजे काय दोरी आहे? रबर आतून चिरलं तर बाहेरून कळतसुद्धा नाही!" काकांनी कपडे वाळत घालायची तार वाकवून आकडा केला आणि कॅलिपर वर टांगला. त्या संध्याकाळी काकूंचे कपडे गॅलरीच्या कठड्यावर वाळले.

शहाणा माणूस इथे थांबला असता. होज न सोडता कॅलिपर तारेवर टांगून ठेवायचा, घासायचा, रंगवायचा. काम खरोखर एका दिवसाचं. पण अर्धवट उघडणं काकांच्या स्वभावात नाही. त्यांनी होजचा बोल्टही काढला. ब्रेक ऑइल ठिबकलं, त्यातलं थोडं मडगार्डवर उडालं. हे ऑइल गाडीचा रंग खातं. काका ओरडले, "पाणी! पाणी!" मुलं बादल्या घेऊन धावली. लाल रंग लावण्याआधीच राखाडी रंग जायची वेळ आली होती.

साठ्यांनी मदत म्हणून घरातली ब्रेक ऑइलची अर्धी बाटली आणली. काकांनी ती दोन बोटांत धरून परत केली. "हे उघडं राहिलं की हवेतलं पाणी पितं. डॉट ४ ऑइल कोरं असताना २३० अंशांपर्यंत उकळायला नको. पाणी प्यायल्यावर तो आकडा १५५ वर येतो. घाटात उतरताना कळेल!" साठ्यांची गाडी गेल्या दिवाळीपासून सोसायटीच्या फाटकाबाहेर गेलेली नाही.

होजच्या बोल्टचे तांब्याचे वॉशर पुन्हा वापरायचे नसतात. त्या चिमुकल्या वॉशरसाठी काका नाना पेठेत बसने गेले, कारण गाडी स्टँडवर होती.

मग वायर ब्रश, ब्रेक क्लीनर, पिस्टनवर आणि रबरी टोप्यांवर मास्किंग टेप, उष्णता सोसणाऱ्या रंगाचे पातळ हात. दोन्ही कॅलिपर गच्चीवर कुरडयांच्या शेजारी वाळत ठेवले. कुरडया लवकर वाळल्या.

जोडणीनंतर ब्रेकमधली एअर काढायची, त्याला दोन माणसं लागतात. काकू ड्रायव्हरच्या जागेवर, काका चाकापाशी निपलवर पाना लावून.

"दाब!"

"दाबलंय."

"धरून ठेव!"

"धरलंय."

"सोडू नकोस हं, मी बंद म्हणेपर्यंत!"

"अहो, गॅसवर दूध आहे," म्हणत काकूंनी पाय उचलला. एअर पुन्हा आत. या कार्यक्रमाचे बरेच प्रयोग झाले. शेवटी टॉर्क रेंच 'टक' म्हणाला, पेडल कडक लागलं आणि काकांनी आवारातच सावकाश फेरी मारून ब्रेक तपासले. गाडी अगदी पूर्वीइतकीच छान थांबली. रंगाने ब्रेकला काही फरक पडत नाही, हे काकांना आधीपासून ठाऊक होतं.

मग त्यांनी चाकांवर व्हीलकव्हर दाबून बसवली.

सगळे वाकून पाहू लागले. प्लास्टिकच्या त्या राखाडी तबकड्यांमागे लाल रंग औषधालाही दिसेना. "काका, दिसत नाहीये!" एक पोरगं म्हणालं.

"दिसायला कशाला पाहिजे? तुझं काळीज दिसतं का?"

पोरगं गप्प झालं. पण साठे मागच्या चाकाशी वाकले होते. "आणि हे मागचे कधी?"

"मागे ड्रम आहेत," काका तुटकपणे म्हणाले. बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ड्रमच असतात, पण ती उणीव कुणी चारचौघांत काढू नये. "ड्रमला लाल फासणारे लोक वेगळे."

पाने पुसता पुसता त्यांची नजर शेजारच्या माझ्या गाडीवर गेली. अलॉय व्हील, मोकळ्या आऱ्या. काका उकिडवे बसले, आत डोकावले. चेहरा उजळला.

"तुमच्याला चारही डिस्क दिसतायत हो! अर्ध्या तासाचं काम आहे."

आता मी गाडी मागच्या गल्लीत लावतो.