पुतळ्याचे घोटे

पुतळ्यासमोर आलेला माणूस आधी चेहरा बघतो. नाक जमलंय का, चष्मा नीट बसलाय का, यावर आमच्या भंडाऱ्यात टपरीवरचा चहा थंड होईपर्यंत खल चालतो. इंजिनीअर मात्र आधी घोटे बघतो.

कारण वाऱ्याला चेहरा कळत नाही. त्याच्या लेखी थोर माणूस म्हणजे वाटेत आलेला आडोसा. आपल्या मानकांत नागपूरसाठी वाऱ्याचा वेग सेकंदाला 44 मीटर धरलाय. तेवढ्या वाऱ्यात दर चौरस मीटरवर शंभर किलोंहून जास्त रेटा येतो. तांदळाची दोन पोती अंगावर रेलावीत तसा. तो सगळा उतरतो घोट्यांतून. म्हणून सूट-बूट किंवा धोतर-वहाणा घालणारी मोठी माणसं या धंद्याला फार अवघड. न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता 1886 पासून पायघोळ झग्यात उभी आहे. आत आयफेलचा लोखंडी सांगाडा बिनबोभाट मावतो. सरदार पटेल मात्र धोतर नेसून चालायला निघालेले, तेही 182 मीटर उंचीचे! त्यांचं डोलणं आवरायला आत प्रत्येकी 250 टनांची दोन वजनं बसवावी लागली.

ते शिल्प धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांचं. त्यांनीच घडवलेला बाबासाहेबांचा 19 फुटी पुतळा इथून अमेरिकेत गेला आणि 14 ऑक्टोबर 2023 रोजी मेरीलँडमधल्या अकोकीकला त्याचं अनावरण झालं. याच बाबासाहेबांना 1954च्या पोटनिवडणुकीत आम्ही भंडारेकरांनी पाडलं होतं. आता चौकातल्या पुतळ्याला हार घालताना हा विषय सहसा कुणी काढत नाही.

आपल्याकडे पुतळा उभारायचा तर मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. साहेब तसेच दिसतात ना, हा मुख्य प्रश्न. अमेरिकेत परवानाधारक इंजिनीअरच्या सही-शिक्क्याचे हिशेब मागतात: वादळ आलं तर काय, भूकंप झाला तर काय, बोल्ट किती जाड, पाया हिवाळ्यात जमीन गोठते त्या खोलीच्या खाली गेलाय का. नाकाबद्दल चकार शब्द नाही. मला हे आधी फार रुक्ष वाटायचं. मग मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा अनावरणानंतर नऊ महिन्यांच्या आत, 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला. त्याच्या रूपावर आधी बरंच बोलून झालं होतं. चौकशीत निघाला गंज आणि कच्चं वेल्डिंग.

भंडाऱ्यात जमीन गोठत नाही, मे महिन्यात माणसंच वितळतात. पण पितळी भांड्यांच्या या गावाला धातूचा स्वभाव कुणी शिकवायला नको. थंडीतल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत 19 फुटांचा कांस्यपुतळा पाचेक मिलिमीटरनं उंच होतो. अनुयायांची याला हरकत नसावी. हरकत असते ती आतल्या पोलादी सांगाड्याची: तो तेवढ्याच उन्हात कमी वाढतो. शिवाय ओल शिरली की कांस्याच्या संगतीत पोलादच आधी गंजतं. म्हणून जाणता कारागीर दोघांना घट्ट जखडत नाही. सांध्यात थोडी ढील ठेवतो, मध्ये वेगळ्या पदार्थाची चकती सारतो, आणि पाणी निथळायला तळव्याजवळ एक भोक पाडतो, जे कुठल्याच अनावरणाच्या भाषणात येत नाही.