गव्हावर तांदूळ

मुलगा गहू खात नाही, हे लेकीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आम्ही ते 'मुलगा कारलं खात नाही' या खात्यात जमा करून ठेवलं. लग्नानंतर जरा रुळला की खाईल, असा हिचा अंदाज. मीही लग्नाआधी शेपू खात नव्हतो. आता खातो, कारण मला विचारून कोणी शेपू करत नाही.

पण हे प्रकरण शेपूचं नव्हतं. सीलियाक असं त्याचं नाव. गव्हातलं किंवा जवातलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीर आपल्याच लहान आतड्यावर उठतं. आतड्याच्या आत मखमलीसारखी लव असते, ती अन्नातला कस ओढून घेते. ती लवच झडून आतडं सपाट होतं. औषध नाही. पथ्य एकच, आणि तेही जन्मभराचं. जावईबापूंनी हे सगळं आम्हाला समजावून सांगितलं. आईनं (वय 86, कान ठणठणीत) शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढंच ना? मग पोळी नका वाढू त्याला. रव्याचा शिरा करा."

रवा गव्हाचा असतो, हे आमच्या नात्यागोत्यात किती जणांना माहीत नाही, याची जनगणना त्यानंतरच्या वर्षात आपोआप झाली. "गहू नको ना? मग शेवया करते." "मैदा चालेल ना? तो तर पांढरा असतो." हिच्या मोठ्या बहिणीनं तर विचारलं, "तुपात भाजला तरी नाही चालत?" गहू म्हणजे पोळी, बाकीचं सगळं पांढरं ते निरुपद्रवी, अशी ही वाटणी. त्यातून धोंड्याचा महिना आला, 2023 चा अधिक श्रावण. जावयाला वाण द्यायचं ते पुरणाच्या धोंड्यांचं, आणि धोंडे कणकेचे. शेवटी तेहेतीस अनारशांवर भागवलं. अनारसे तांदळाचे असतात. आपल्या पूर्वजांनी ही सोय का करून ठेवली ते माहीत नाही, पण आम्ही त्यांना मनोमन हात जोडले.

खरा घोटाळा झाला तो खिम्याच्या गोळ्यांवरून. आम्ही सीकेपी. आमच्याकडे देवाला नैवेद्य नसला तर देव समजून घेतो, पण रविवारी मटण नसलं तर शेजारी विचारायला येतात. जावई पहिल्यांदा निवांत राहायला आले त्या रविवारी मी खिम्याच्या गोळ्यांचा रस्सा केला होता. माझे वडील करायचे तसाच, म्हणजे खिम्यात दुधात भिजवलेला पाव कुस्करून. पोळ्या नाहीत, भात आहे, मग झालं की पथ्याचं, अशा समाधानात मी ताट पुढे केलं. जावई हळूच म्हणाले, "बाबा, यात पाव आहे का?" पाव गोळ्यात होता. गोळे रश्शात होते. म्हणजे रस्साही बाद. किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असेल तर आपल्या सरकारी नियमानुसार डब्यावर 'ग्लुटेनमुक्त' लिहिता येत नाही. इथे तर लादीतला अख्खा पाव मुक्कामाला होता.

जावई दहीभात खाऊन उठले. रविवारी. आमच्या घरी. आईला त्या रात्री झोप लागली नाही.

मग मी मनावर घेतलं. मी कुठलीही गोष्ट करण्याआधी तिच्याविषयी वाचतो. ही म्हणते, करण्याऐवजी वाचतो. वाचता वाचता कळलं, की कोफ्ता हा शब्द कुटणं, वाटणं या अर्थाच्या फारसी धातूवरून आला. स्वीडनचे लोक ज्या गोळ्यांवरून जगात मिरवतात त्यांची कृती त्यांचा बारावा चार्ल्स राजा तुर्कांकडून घेऊन आला, असं 2018 मध्ये खुद्द स्वीडनच्या अधिकृत ट्विटर खात्यानं सांगून टाकलं. पोल्टाव्हाच्या लढाईत रशियाकडून मार खाऊन तो पाच वर्षं तुर्कांच्या आश्रयाला राहिला होता. पाच वर्षं सासुरवाडीला राहिल्यासारखं राहून माणूस निदान एक पाककृती घेऊन परततो, हे मला फार पटलं. आणि याच वाचनात डिके नावाचे डच बालरोगतज्ज्ञ भेटले. त्यांच्याआधी, 1920 च्या दशकापासून, अमेरिकेत अशा मुलांना केळ्यांवर ठेवत. मुलं सुधारत, आणि श्रेय केळ्यांना जाई. गहू ताटातून गेला म्हणून ती सुधारत होती, हे डिके यांनी धरलं आणि 1950 साली उत्रेक्तला त्यावर प्रबंध लिहिला. हे मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "केळं तर उपासाला चालतं."

या वाक्यात गुरुकिल्ली होती. उपासाला गहू चालत नाही! म्हणजे वाण्याच्या दुकानातलं उपासाचं फळकूट हे आपलं मूळचं ग्लुटेनमुक्त खातं. साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा. पिशव्यांवर इंग्रजीत तीन शब्द लिहून हेच चौपट भावात विकतात. मी तडक उपासाचा डबा काढला आणि साबुदाण्याचं पीठ खिम्यात घातलं. आई दारात उभी होती. एकादशीच्या डब्यातला चमचा बोकडाच्या खिम्यात जाताना तिनं पाहिला. ती काही बोलली नाही. देवघरात गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

तिच्या बाजूनं निकाल लागायला फार वेळ लागला नाही. गोळे गोल झाले, गुळगुळीत झाले, शिजल्यावरही गोल राहिले. चमच्यानं तोडायला गेलो तेव्हा एक ताटावरून उसळला, सोफ्याच्या पायाला लागला आणि परत आला. नातू असता तर खूश झाला असता.

त्याआधीचा एक प्रयोग सांगायचा राहिला. त्यात मी काहीच घातलं नव्हतं. आमचा खाटीक म्हणाला होता, "साहेब, खिमा चांगला असला तर गोळा आपोआप धरतो." खिमा चांगला होता, पण घरी आणून मी तो नळाखाली स्वच्छ धुतला. शिवाय कांदा किसून तसाच पाण्यासकट घातला. उकळत्या रश्शात एकेक गोळा सोडला. दहा मिनिटांनी झाकण काढलं तर पातेल्यात गोळा म्हणून नाही. घरच्यांनी त्याला 'खिमा रस्सा' म्हणून पावाबरोबर खाल्लं आणि छान झालाय म्हणाले. हा अपमान मी विसरलेलो नाही.

यातून निघालो ते आमच्या भाकरीवाल्या मावशींमुळे. जावई येणार असले की त्या पोळ्यांऐवजी ज्वारीच्या भाकऱ्या करतात. सांगोल्याकडच्या. मी ओट्यापाशी उभा राहून त्यांना शास्त्र सांगत होतो, की ग्लुटेन म्हणजे चिकटपणा, तो नसला की काही एकसंध राहत नाही. त्या परातीत पीठ मळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मग काका, भाकरीला आम्ही काय गोंद लावतो का?"

मी गप्प झालो.

"आधणाच्या पाण्यात पीठ टाकायचं. जुनं पीठ असलं तर उकड काढायची. चिरत नाही मग."

मी आयुष्यभर भाकरी खाल्ली, ती का तुटत नाही याचा विचार एकदाही केला नाही. पिठातली खळ गरम पाण्यात फुगते आणि धरून ठेवते, इतकं साधं. आणि मागाहून वाचलं तेव्हा हेही कळलं, की गोळ्यातल्या पावाचं काम चिकटवण्याचं नव्हतंच. पाव पाणी धरून गोळा मऊ ठेवतो. चिकटवण्याचं काम मीठ करतं. खिम्याला आधी नुसतं मीठ लावून मळलं की मांसातलं मायोसिन सुटतं आणि खिमा बोटांना धरायला लागतो. म्हणजे माझ्या वडिलांपासून आम्ही ज्याला सिमेंट समजत होतो तो निव्वळ पाहुणा होता.

पावाच्या जागी तांदळाची उकड घालायची ठरवली. तिला पिठी हवी म्हणून तांदूळ घेऊन गिरणीत गेलो. गिरणीत जो गेला आहे त्याला तिथली भाषा माहीत आहे. "काका, आता बाजरी चालू आहे, थांबा, तांदळावर तांदूळ टाकू." पण त्या दिवशी रांगेत सगळा गहूच. गिरणीवाला उदारपणे म्हणाला, "टाका हो गव्हावर, काय होतंय?" काय होतंय ते मी त्याला लहान आतड्याच्या लवेपासून सांगायला लागलो. मागच्या बाईंनी आपला डबा उचलून माझ्या पुढे ठेवला. मी तांदूळ घेऊन घरी आलो, धुतले, पंख्याखाली वाळवले आणि मिक्सरमध्ये फिरवले. मिक्सरचं भांडं आधी तीनदा घासलं. ही म्हणाली, इतकं तर आपण मुंजीला सोवळं पाळलं नव्हतं.

तर कृती अशी. अर्धा किलो खिमा, मशीनमधून दोनदा काढलेला, थोड्या चरबीसकट. धुवायचाच असेल तर फडक्यात बांधून घट्ट पिळायचा. मीठ लावून पाच मिनिटं मळायचा, कणीक मळतात तसा. (ही उपमा आमच्याकडे आता जपून वापरतात.) पाव वाटी पिठी, तेवढंच पाणी, त्याची मोदकासारखी उकड काढून पूर्ण गार करायची. गरम घातली तर चरबी सुटते. आलं, लसूण, हिरवी मिरची यांचं वाटण, कोथिंबीर, पुदिन्याची चार पानं, गरम मसाला, आणि बारीक चिरून पिळलेला कांदा. हाताला तेल लावून लिंबाएवढे गोळे वळायचे आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचे. मग तव्यावर चहूबाजूंनी लालसर करून रश्शात सोडायचे. आणि एक गोष्ट वडिलांची, ती बदलायची नाही. गोळे सोडल्यावर पळी घालायची नाही. पातेल्याचे कान फडक्यानं धरायचे आणि पातेलंच गोल हिंदळायचं. गोळे आतल्या आत कुशीवर वळतात. तो आवाज येतो, डबडब असा, दबका. मी तो ऐकत उभा होतो. एकही फुटला नव्हता.

त्या रविवारी जावई आले. पाट-रांगोळी नव्हती, पण बाकी सगळा थाट होता. गोळ्यांचा रस्सा, तांदळाची भाकरी, भात, सोलकढी, आणि आईच्या देखरेखीखाली हिनं केलेलं वालाचं बिरडं. ज्या माझ्या स्वयंपाकाला एरवी कोणी हिंग लावून विचारत नाही, त्याच्याभोवती अख्खं घर उभं होतं. जावयांनी गोळा चमच्यानं तोडला. तुटला. उसळला नाही. खाल्ला. दुसरा घेतला. "बाबा, मऊ झालाय," म्हणाले. मी काहीच विशेष नाही असा चेहरा केला. तो मी आदल्या रात्रीपासून तयार ठेवला होता.

मग त्यांनी बिरड्याच्या वाटीकडे हात नेला आणि थांबले.

"आई, यात हिंग आहे?"

"भरपूर," आमच्या आईनंच उत्तर दिलं. "हिंगाशिवाय बिरडं कसलं?"

"डबी बघू?"

डबी आली. जावयांनी मोबाइलचा उजेड पाडून मागची मुंगीएवढी अक्षरं वाचायला सुरुवात केली. घटक पदार्थ: खाण्याचा डिंक. गव्हाचं पीठ. आणि तिसऱ्या नंबरावर, हिंग. जे सगळ्यात जास्त ते यादीत आधी लिहितात, हेही त्यांनी जाताजाता सांगितलं. शुद्ध हिंगाचा खडा इतका जहाल असतो की बांधणीचा हिंग असा मिसळूनच करतात, त्यात फसवणूक नाही, काही जण तांदळाचं पीठही घालतात, ते चालतं. बिरड्याची वाटी त्यांनी अलगद बाजूला सरकवली आणि तिसरा गोळा घेतला.

मी कपाळाला हात लावला. गिरणीत भांडलो, मिक्सर तीनदा घासला, आणि गहू फोडणीच्या डब्यात ऐटीत बसला होता.

आई मात्र अजून डबीकडेच बघत होती. तिनं ती उचलली, झाकण उघडून नाकाशी नेली, मग चष्मा कपाळावर चढवून किंमत वाचली.

"म्हणजे," ती म्हणाली, "पासष्ट वर्षं मी हिंगाच्या भावानं गहू घेतला?"