योजनेस पात्र असा आजार

महाराष्ट्रात राहणाऱ्या प्रत्येक गृहस्थाने आजारी पडण्यापूर्वी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे शासननिर्णय एकदा शांतचित्ताने वाचून काढावेत, कारण रोग कोणता व्हावा आणि तो कोणत्या थराला जावा, याविषयी त्यांत जितके स्पष्ट मार्गदर्शन आहे तितके आपल्या वैद्यकग्रंथांतही आढळत नाही. २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली, २०१७ साली फेरफार होऊन महात्मा फुल्यांच्या नावावर चढलेली आणि पुढे केंद्राच्या आयुष्मान भारताशी जिचे शुभमंगल लागले, अशी ही योजना प्रारंभी पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकांपुरती होती. आता पांढरी शिधापत्रिका बाळगणारा सुखवस्तू इसमही तिच्या छत्राखाली आला असून कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची हमी सरकारने घेतली आहे. या औदार्याची थट्टा करण्याइतका मी कृतघ्न नाही. ज्यांच्या घरातील हृदयाची किंवा कर्करोगाची शस्त्रक्रिया या योजनेवर पार पडली ते तिला दुवा देतात, आणि तो दुवा खरा आहे. अट एवढीच, की रोग यादीतला असावा आणि रोगी रुग्णालयात दाखल करून घेण्याच्या योग्यतेला पोहोचलेला असावा.

ताप, खोकला, सांधेदुखी, रक्तदाब असल्या किरकोळ मंडळींपायी सामान्य माणसाचा पैसा महिन्यामागून महिना औषधांच्या दुकानी जमा होत असतो. परंतु घरी राहून सोसण्याजोग्या दुखण्यांची दाद घेण्यास योजनेच्या दप्तरात रकानाच नाही. मधुमेहाचेच पाहा. रोजच्या गोळ्या आणि ठरावीक मुदतीची रक्ततपासणी यांचा खर्च योजनेबाहेरचा. त्या खर्चाच्या धास्तीने रोग्याने खाडे करीत करीत गोळ्या घेतल्या, साखर यथेच्छ वाढू दिली आणि अखेर पायाची जखम चिघळून पाय काढण्यावाचून गत्यंतर उरले नाही, म्हणजे तोच इसम एकाएकी पात्र ठरतो. मग आरोग्यमित्र त्याची शिधापत्रिका निरखून पाहतात, कागद संगणकावर चढतात, पूर्वपरवानगी येते आणि एक पैसाही न घेता पाय कापला जातो. वेळच्या वेळी पदरमोड करून गोळ्या घेणारा आणि दोन्ही पायांवर चालत राहणारा मनुष्य मात्र योजनेचा लाभार्थी म्हणून कोणत्याही अहवालात कधी दिसावयाचा नाही.

कोणी म्हणेल, गोळ्यांसाठी सरकारी दवाखाना आहेच. आहे, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतला केसपेपरसुद्धा विनामूल्य झाला आहे. औषध शिल्लक असेल तर तेही फुकट मिळते, नसेल तर ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी मिळते, आणि त्या चिठ्ठीलाही कोणी पैसे मागत नाही. औषधखरेदीचे काम २०१७ साली हाफकिन महामंडळाकडे सोपविले गेले, २०२३ साली त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. दप्तराने एवढी स्थलांतरे केल्यावर त्यातील एखादे मागणीपत्र वाटेत मुक्कामाला राहिले, तर त्याला दोष कोणी द्यावा?

नाशिकात जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली, म्हणजे परक्या अमलाच्या अखेरच्या दिवसांत, असे प्रतिपादन केले होते की पदरी पैसा नाही म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये; आणि दीर्घ मुदतीची तजवीज म्हणून १० ते २० हजार वस्तीमागे ७५ खाटांचे एक रुग्णालय असावे. आजचा शिरस्ता असा, की सपाट मुलखात ३० हजार वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि त्यात खाटा चार ते सहा. भोरसाहेब विद्वान खरे, पण त्यांनी खाटा मोजल्या, फलक मोजले नाहीत. आमच्या उपकेंद्रांची २०१८ पासून आरोग्यवर्धिनी केंद्रे झाली, २०२३ च्या अखेरीस त्यांचीच आयुष्मान आरोग्य मंदिरे करण्याचे फर्मान सुटले आणि ‘आरोग्यं परमं धनम्’ हे बोधवाक्य त्यांच्या माथी आले. या सुधारणेचा रंगाऱ्याला दोनदा लाभ झाला, हे तिच्या कट्टर विरोधकांनाही नाकारता येणार नाही. (परिचारिकेच्या रिकाम्या जागेवर रंग देता येत नाही, ही अडचण तेवढी राहते.)

राहिला पैशाचा प्रश्न. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने सरकारी खर्च देशाच्या सकल उत्पादनाच्या दोन ते तीन टक्क्यांवर नेण्याचे योजिले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने अडीच टक्के ठरवून २०२५ ची मुदतही घालून दिली. २०२५ साल वेळेवर आले, अडीच टक्के आले नाहीत. पुढील धोरणाचा मसुदा सिद्ध करणाऱ्या अधिकाऱ्यांस माझी नम्र सूचना अशी, की टक्केवारी खुशाल पाच लिहावी, नव्हे सहा लिहावी, परंतु मुदतीचा रकाना कोरा ठेवून ‘यथावकाश कळविण्यात येईल’ एवढाच शेरा मारावा.