पुढील आदेश होईपर्यंत

परवापरवापर्यंत पाणबुड्यांच्या घरी कांदा चिरताना कुणाच्या डोळ्यांना पाणी येत नसे. वहिनी ओट्याशी उभ्या राहत, नाकासकट अर्धा चेहरा झाकणारा निळा डायव्हिंगचा मास्क चढवत आणि भज्यांचा किलोभर कांदा उभा चिरून मोकळ्या होत. मास्क पाणबुड्यांचा, २०१६ साली घेतलेला. गेल्या ऑक्टोबरपर्यंत त्याला समुद्राचं पाणी म्हणून लागलेलं नव्हतं.

पाणबुडे हे त्यांचं आडनाव नव्हे. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीनं दिलेली ती पदवी आहे आणि आता ती इतकी रुळली आहे की कुरिअरवालाही त्याच नावानं खालून हाका मारतो. मंत्रालयातल्या एका खात्यात एकतीस वर्षं काढून ते कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. कुणी निवृत्त झाल्यावर हार्मोनियम शिकतं, कुणी नर्मदा परिक्रमेला निघतं. ह्यांनी टीव्हीवर एक कासव पोहताना पाहिलं आणि ठरवलं की आपण समुद्राच्या तळाशी जायचं.

तात्त्विक तयारी चोख. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणानं वाढतो, कान दुखण्याआधीच नाक चिमटीत धरून हलकेच हवा सोडायची, वर येताना श्वास कधीही रोखायचा नाही, कारण फुप्फुसातली हवा वर येता येता फुगते. हे सगळं त्यांनी आम्हाला लिफ्टमध्ये, वर जाता जाता सांगितलेलं आहे. मास्कवर वाफ धरू नये म्हणून आत थुंकून तो विसळतात, हे प्रात्यक्षिकासह दाखवलं तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीबाई जिन्यानं गेल्या. वार्षिक सभेत मेंटेनन्स वाढवायच्या ठरावाला सेक्रेटरींनी अंगठा वर करून संमती मागितली, तर हे पिशवी उचलून उठले. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'छान' नाही, 'वर चला'.

आणखी एक नियम: डायव्हिंगनंतर निदान अठरा तास विमानात बसायचं नाही. त्यामुळे प्रत्येक सहलीत परतीच्या आधीचा एक दिवस ते कोरा ठेवतात. कुडाळहून रेल्वेचं तिकीट असलं तरी ठेवतात. आजवरच्या सहलींत ठरल्याप्रमाणे पार पडला तो एवढा कोरा दिवसच.

कारण पाणबुडे निघाले की कुठलं ना कुठलं सरकार समुद्र बंद करतं.

ह्याची एक फाइल आहे. दिवाणाखाली, हिरव्या लेसची, पानांना क्रमांक घातलेली. पहिल्या पानावर तक्ता: अनुक्रमांक, ठिकाण, दिनांक, रद्द करणारे सक्षम प्राधिकारी, शेरा. आलेल्या पाहुण्याला पोहे देण्याआधी ती दाखवतात.

अनुक्रमांक एक, थायलंड. २०१६च्या जूनमध्ये फुकेतची तिकिटं कमालीची स्वस्त मिळाली. इतकी स्वस्त का, ते तिथं उतरल्यावर कळलं. सिमिलान बेटांचं राष्ट्रीय उद्यान पावसाळी वाऱ्यांमुळे दरवर्षी मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतं. दुसरा कुणी असता तर काउंटरवर भांडला असता. पाणबुडे म्हणाले, "नियम दरवर्षीचा आहे, म्हणजे चूक माझी." आणि तिथंच एक जुनं माहितीपत्रक पाहून त्यांनी डिसेंबरमध्ये शेजारच्या को ताचाई बेटाची सहल ठरवली. ते बेट थायलंड सरकारनं त्याच वर्षी अनिश्चित काळासाठी बंद केलं. सत्तरेक माणसांच्या किनाऱ्यावर हजाराच्या वर माणसं उतरवली जात होती, प्रवाळ मरत होतं. म्हणजे एकाच देशात एकाच वर्षी दोनदा, एकदा हंगामामुळे आणि एकदा गर्दीमुळे. "अनिश्चित काळासाठी म्हणजे आपलं 'पुढील आदेश होईपर्यंत'," ते मला समजावून सांगत होते. आवाजात राग नव्हता. माहेरचं माणूस भेटल्यासारखं काहीतरी होतं.

अनुक्रमांक तीन, फिलिपिन्सचं बोराकाय. सांडपाणी थेट समुद्रात सोडलं जातं म्हणून राष्ट्राध्यक्ष दुतेर्तेंनी २६ एप्रिल २०१८पासून सहा महिने अख्खं बेटच पर्यटकांना बंद केलं. पाणबुड्यांची तिकिटं मेची. बेट बरोबर २६ ऑक्टोबरला उघडलं. सरकारनं दिलेली तारीख सरकारनंच पाळली, याचं त्यांना इतकं कौतुक वाटलं की पैशांचं दुःख त्यात विरून गेलं. त्या सहलीत बुडाले ते फक्त पैसे. अनुक्रमांक चार, अंदमान, २८ मार्च २०२०. त्याबद्दल काही सांगायला नको. बुकिंग करायला घेतलं तेव्हा बेटाचं नाव हॅवलॉक होतं, करून होईतो ते स्वराज द्वीप झालं होतं, तेव्हाच मला शंका आली होती.

पण माणूस खरा कळला तो मालवणला, कारण तिथं मी बरोबर होतो.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. मालवणच्या बंदर जेटीवर उभं राहिलं की समोर सिंधुदुर्ग, त्याच्या तटाशी लागणारं पाणी. त्या किल्ल्याच्या आसपासच स्कूबा चालतं. समुद्र असा निवांत की परातीत घेऊन कणीक भिजवावी. आणि जेटीवर नोटीस: पावसाळ्यानिमित्त प्रवासी होड्या, जलक्रीडा, स्कूबा, सगळं ३१ ऑगस्टपर्यंत बंद. आम्ही एका दिवसानं चुकलो होतो. नोटिशीसमोर वीसपंचवीस पर्यटक जमलेले, त्यांत कोल्हापूरचं एक मोठं कुटुंब. त्यांचे दाजी चांगलेच तापलेले. "अहो, समुद्र बघा की! लाट तरी हाय का? ह्यांस्नी काय हुतंय सोडायला?"

पाणबुडे पुढे झाले. मला वाटलं, आता सात वर्षांचं साचलेलं बाहेर पडणार. त्यांनी चष्मा बदलला. नोटीस वरून खाली वाचली. मग खालून वर वाचली. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "प्रत माहितीस्तव कुणाकुणाला दिली ते लिहिलेलं नाही."

"आं?" दाजी म्हणाले.

"बाकी मसुदा चांगला आहे. विषय स्पष्ट, कालावधी स्पष्ट, उल्लंघन केल्यास कारवाई तेही स्पष्ट. पळवाट नाही."

"पण समुद्र शांत हाय की!"

"आदेशात समुद्राच्या मनःस्थितीचा उल्लेख नाही," पाणबुडे म्हणाले आणि त्या कुटुंबाला त्यांनी रांगेत उभं करून नोटीस समजावून दिली. दाजी शेवटी थकून सोलकढी प्यायला गेले.

खरं कारण सांगितलं ते होडी वर ओढून ठेवणाऱ्या एका म्हाताऱ्यानं. "वरसून थंड दिसता हो. तळाक गाळ उठलो हा. बुडी मारल्यार आपलो हात आपणाक दिसाचो नाय. आणि वारो फिरलो की फाटी येवक गावाचा नाय." नैऋत्येचा वारा पोचण्याआधी त्याची लाट पोचते, नद्यांचा गढूळ लोंढा मागोमाग येतो. मासेमारीही १ जूनपासून बंद होते ती ह्याच दिवसांत, म्हणजे माशांनाही अंडी घालायला उसंत. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय दर्यात जायचं नाही, हा नियम कुठल्याही खात्यापेक्षा जुना आहे. पाणबुड्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आदेशाला पूर्वपीठिका आहे." त्यांना फारच बरं वाटलं. कोरा दिवस आम्ही कोरा घालवला.

तुम्ही म्हणाल, ह्या माणसाला डायव्हिंग आवडतं की बंदी? मीही त्यांना एकदा विचारलं. तेव्हा आयएनएस गुलदार ही निवृत्त युद्धनौका निवतीजवळच्या समुद्रात मुद्दाम बुडवून तिथं पर्यटकांना डायव्हिंगला न्यायची योजना जाहीर झाली होती. ते कात्रण फाइलला लावत ते म्हणाले, "बघा. सरकार आख्खं जहाज बुडवायला तयार आहे, मला तेवढं बुडू देत नाही." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून सरकारविरुद्ध वाक्य ऐकलं. लगेच दार लोटून घेतलं त्यांनी.

गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही पुन्हा मालवणला गेलो. हंगाम सुरू झालेला, वारा पडलेला, पाणी नितळ. जेटीवर नोटीस नाही. त्यांनी ती खांबाच्या मागेसुद्धा शोधली. रबरी सूट चढवून झाला, पोट आत घेऊन मागची चेन लावून झाली, कंबरेला शिशाची वजनं बांधायचीच काय ती बाकी. तेवढ्यात पोरानं क्लिपबोर्डावर एक फॉर्म आणून दिला. दमा आहे का, हृदयविकार आहे का, फिट येते का. पाणबुड्यांनी तो दोनदा वाचला आणि 'उच्च रक्तदाब' ह्या रकान्यासमोर स्वच्छ अक्षरात लिहिलं: होय. गोळी चालू आहे. सकाळी एक.

पोरगं घाबरलं. "काकानू, 'नाय' लिवा. सगळे तसाच लिवतत."

पाणबुडे ताठ झाले. त्या सूटमध्ये जेवढं होता येईल तेवढे. "एकतीस वर्षं मी लोकांचे फॉर्म तपासलेत," ते म्हणाले. "माझ्या सहीखाली खोटी माहिती जाणार नाही."

प्रशिक्षकानं फॉर्म वाचला. डॉक्टरचं पत्र असल्याशिवाय खाली नेता येणार नाही, त्यानं अदबीनं सांगितलं. पाणबुड्यांनी मान डोलावली. "बरोबर आहे. मीही नेलं नसतं."

पैसे भरलेले होते. वहिनींनी पदर खोचला, पोराच्या हातातून दुसरा फॉर्म घेतला, एकेक रकाना वाचून खरंखुरं 'नाही' लिहिलं आणि कांद्याचा मास्क पिशवीतून काढून डोळ्यांवर चढवला. पाणबुडे होडीच्या काठावर टॉवेल धरून बसले. खालून बुडबुडे येत होते. ते बुडबुड्यांकडे बघत घड्याळ धरून होते आणि मधूनच "श्वास रोखू नकोस" असं पाण्याला सांगत होते. वीस मिनिटांनी वहिनी वर आल्या. बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "काळ्यापिवळ्या पट्ट्यांचे मासे होते. अगदी नाकाशी येऊन बघत होते माझ्याकडे. आणि किती शांत असतं हो खाली, आपलाच श्वास ऐकू येतो."

पाणबुड्यांनी त्यांच्या खांद्यांवर टॉवेल टाकला. खूप वेळ तो नीट करत राहिले.

डोंबिवलीला परतल्यावर फाइलला नवीन नोंद झाली. अनुक्रमांक सहा, मालवण. रद्द करणारे सक्षम प्राधिकारी: निम्नस्वाक्षरीकार. शेऱ्याच्या रकान्यात डॉक्टरच्या भेटीची तारीख आहे.

मास्क आता वहिनींच्या कपाटात, साड्यांच्या खणात असतो. कांदा चिरायला त्या तो काढत नाहीत. परवा भज्यांच्या दिवशी पाणबुडे डोळे पुशीत कांदा चिरत होते.